सांधणी

नाव शांतवन. आणि राग असा
की गल्लीतली कुत्री त्याची सायकल ओळखून
आधीच बाजूला व्हायची.

बाप्तिस्मा झाला तेविसाव्या वर्षी,
पाळक लोंढ्यांच्या हातून, सोलापूरच्या मे महिन्यात;
टाकीतलं पाणीसुद्धा कोमट होतं म्हणे.
आई सांगायची, पाण्यातून वर आला तो नवा होऊन,
आणि घरी पोचेपर्यंत टांगेवाल्याशी भांडला
चार आण्यांवरून.

स्वयंपाकघराच्या भिंतीला खळगा आहे अजून,
पितळी ताटाच्या काठाचा.
कडक भाकरीचे तुकडे चहूकडं उडाले होते,
शेंगाची चटणी माझ्या वहीवर,
आणि आई खाली बसून गोळा करत होती
न बोलता, रोजचं काम असल्यासारखी.
रोजचंच होतं.
रविवारी मात्र पहिल्या बाकावर तो,
इस्त्रीचा शर्ट, गाताना आवाज सगळ्यांच्या वर.
देवा, तुला तेवढंच ऐकू येतं का,
असं मी विचारायचे, डोळे मिटून.

येमूल सेठच्या शेडमध्ये तो सांधणी करायचा.
जुना बीम संपला की नव्याचं टोक जुन्याच्या टोकाला,
बोटांना राख लावून,
चिमटीत पीळ. पुढचा. पुढचा.
दोन हजार चारशे धागे.
डबा घेऊन जायचे तेव्हा दिसायचा
मागाच्या पोटात वाकलेला,
आणि मला कळायचं नाही
हीच बोटं घरी येतात कशी.
एकदा म्हणाला, एक जरी सुटला ना पोरी,
चादरभर रेघ पडती.
घाई केली की सगळं परत आपल्याच हातात येतंय.

किती वर्षं लागली ते मी मोजलंय.
ताट फेकणं थांबलं तेव्हा नववीत होते.
शिव्या थांबल्या माझ्या लग्नानंतर.
मग तो नुसता उठून ओट्यावर जायचा,
मुठी मिटलेल्या, ओठ हलतायत,
प्रार्थना की शिव्या, कुणी विचारलं नाही.
मध्येच भावाच्या वाटणीत सगळं उसवलं,
दोन वर्षं प्रभुभोजनाला बसला नाही.
परत पहिल्या धाग्यापासून.

आई गेली तेव्हा काम अर्ध्यावर होतं.
हे मी तुला सोडणार नाही, देवा.
तुझ्या धीराचं कौतुक चर्चमध्ये सगळे करतात,
त्याची उधारी तिनं फेडली.
आज हा माणूस भांडं खाली ठेवताना आवाज करत नाही,
आणि ते ऐकायला ती नाही.

गेल्या महिन्यात माझ्या तिर्सानं त्याचा चष्मा मोडला.
दोन तुकडे ओंजळीत घेऊन समोर उभी.
मी भाजी चिरत होते,
माझे खांदे आपोआप वर गेले.
आणि तो हसला.
म्हणाला, आण की इकडं, सांधू.
दोरा घेतला. राख शोधली,
गॅसच्या घरात राख कुठली,
मग पावडरीत बोटं बुडवली.
हात थरथरतात आता. गाठ सुटायची,
तो परत घालायचा,
तिर्सा मोजत होती मोठ्यानं,
सहापर्यंत आली आणि कंटाळून खेळायला गेली.
तो बसून राहिला.

त्याच रात्री मी पोरीवर ओरडले,
कशावरून ते आठवतही नाही.
आवाज त्याचा होता. जुना.
माझ्या तोंडातून.
तिचे खांदे वर गेलेले मी पाहिले.

ओट्यावर जाऊन उभी राहिले.
लांब कुठल्यातरी शेडमध्ये रातपाळीचे माग खडखडत होते.
मुठी मिटल्या होत्या, ओठ हलत होते,
काय म्हणत होते ते तुला ठाऊक आहे.
दार वाजलं. तो बाहेर आला,
नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा,
काही बोलला नाही.
तिथं त्याची उभं राहायची ठरलेली जागा आहे,
खांबाजवळ, फरशी झिजलेली.
मी तिच्यावरच उभी होते.
सरकायला लागले तर हातानंच म्हणाला,
राहू दे.